हाताचा टाका, यंत्राची टीप

घटस्थापनेच्या आधीच्या पंधरवड्यात पावसाने चार दिवस उघडीप दिली, की घरातले सारे अंथरूण-पांघरूण बाहेर काढून नदीवर न्यायचे, दगडावर आपटून धुवायचे आणि जेथे ऊन धरेल तेथे वाळत घालायचे, ही मुळशी तालुक्यातील जुनी चाल हिंजवडीत अद्याप सर्वस्वी मोडलेली नाही. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती ज्या शिवारात उभ्या राहिल्या, त्या शिवाराचे गावठाण आपल्या जागी आहे आणि नवरात्र जवळ आले की तेथील कठड्यांवर लाल, हिरव्या, जांभळ्या गोधड्या पडलेल्या दिसतात. त्याच वेळी, तेथून हाकेच्या अंतरावर, विदर्भातून, मराठवाड्यातून अथवा सातारा-कोल्हापूरकडून नोकरीनिमित्त येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या कपाटांत आईची किंवा आजीची लुगडी घडी करून ठेवलेली असतात, आणि त्यांचे काय करावे हा विचार वर्षानुवर्षे पुढे ढकलला जात असतो. टाकून देण्यास मन धजत नाही, नेसणारे कोणी उरलेले नाही; तेव्हा गोधडी करावी, असे एके दिवशी ठरते. आणि ते ठरते न ठरते तोच पुढचा प्रश्न उभा राहतो: हाताने शिवून घ्यावी, की मशीनवर?

बहुतेक घरांत या प्रश्नाचा निकाल मोबदल्याच्या आणि मुदतीच्या हिशेबाने लागतो. मशीनवाला आठवड्यात देतो आणि कमी घेतो. हाताने शिवणारी बाई महिना-दीड महिना मागते, तिची मजुरी कित्येक पटींनी अधिक भरते, आणि मुळात ती सापडत नाही. काही घरांत याच्या नेमके उलट घडते; हाताचे ते अस्सल आणि यंत्राचे ते नकली, असे मानून कोणतेही कापड हातशिलाईलाच दिले जाते. हे दोन्ही निवाडे मला उतावळे वाटतात. ज्या वस्तूसाठी हा खटाटोप करावयाचा, ती वस्तू म्हणजे कापड. त्याचे वय किती, ते किती विरले आहे, कोणत्या धाग्याचे आहे आणि गोधडी झाल्यावर त्याच्या वाट्याला कोणता वापर येणार आहे, हे पाहून टाका निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हे काम हातांनी करणाऱ्यांशी जेव्हा जेव्हा बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हा तेव्हा हे मत अधिकच दृढ झाले.

प्रथम गोधडीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या रजईत कापूस असतो. तो मोकळा असल्यामुळे दोऱ्यांनी जागच्या जागी बांधून ठेवला नाही, तर काही दिवसांत गोळे होऊन कोपऱ्यांत जमा होतो. आपल्या गोधडीत, किंवा सातारा-कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात तिच्यात, असा भराव नसतो. तिच्यात कापडावर कापड, त्यावर पुन्हा कापड, असे थर असतात. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड असलेली दोन लुगडी, आणि मध्ये जुनेराचे, धोतराचे, फाटक्या चादरीचे, पोरांच्या सदऱ्यांचे जे काही उरले असेल ते. असा तिचा सर्वसाधारण तपशील. येथे दोऱ्याचे काम थर एकमेकांवरून सरकू न देण्याचे आणि दुबळ्या कापडाला शेजारच्या सबळ कापडाचा आधार मिळवून देण्याचे. म्हणून गोधडीचे दोरे रजईच्या दोऱ्यांपेक्षा विरळ असले तरी चालते. मात्र ते कापडाला जाचता कामा नयेत.

माण गावाच्या अंगाला राहणाऱ्या, साठी उलटलेल्या एका बाईंचे काम मी जवळून पाहिले आहे. झाडून घेतलेल्या जमिनीवर त्यांनी खालचे लुगडे अंथरले आणि त्याच्या कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, जे हाती लागले ते ठेवून ते ताणून घेतले. मग मधले तुकडे लावण्यास आरंभ झाला. एखादा तुकडा उचलायचा, उजेडाकडे धरायचा, तो कोठे विरला आहे ते पाहायचे आणि त्या विरलेल्या जागेखाली दुसऱ्या तुकड्याचा धड भाग येईल अशा बेताने तो ठेवायचा. ही निवड इतक्या सहजपणे चालली होती, की तिच्यामागे एवढा विचार आहे हे प्रथम लक्षातही येत नव्हते. वरचे लुगडे पसरून झाल्यावर हातहातभर अंतरावर कच्चे टाके पडले. त्यानंतर, दाभणाहून बारीक पण शिंप्याच्या सुईहून जाड अशा सुईत दुहेरी सुती दोरा ओवून, तो मेणाच्या तुकड्यावरून ओढून घेऊन, काठाला समांतर असा पहिला धावदोरा सुरू झाला. उजव्या हातात सुई आणि डावा हात गोधडीखाली. सुईचे टोक खालच्या बोटाला किंचित लागले, की सारे थर भेदले गेले असे समजायचे आणि ते वर परतवायचे. सुईवर चार-पाच टाके जमले की दोरा ओढून घ्यायचा. अंगुस्तान त्यांच्याजवळ नव्हते. बोटाच्या अग्रावरील कातडी इतक्या वर्षांच्या या कामाने निबर झाली होती.

कोपऱ्याशी आल्यावर दोरा वळतो, चारी बाजू फिरून मूळ जागेपाशी येतो, आणि तेथून अंगठ्याएवढे अंतर आत सरकून दुसरी फेरी सुरू होते. एका चौकोनात दुसरा चौकोन, त्यात तिसरा, असे करीत शेवटी मध्यावर येऊन काम संपते. कडेकडून आत येण्याच्या या रीतीत एक मर्म आहे. थरांमधील सैलपणाला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा वाटला जातो, आणि त्यातूनच जुन्या गोधडीवर ते बारीक सळ उमटतात. दोन दोऱ्यांमधील कापड किंचित फुगलेले राहते, त्यात हवा कोंडते, आणि उबेचा मोठा भाग त्या कोंडलेल्या हवेचाच असतो. दोरा हाताने ओढलेला असल्यामुळे त्यात थोडी ढिलाई राहते. निजलेला माणूस कुशीवर वळला, की थर एकमेकांवर केसभर सरकतात आणि गोधडी अंगासरशी बसते.

मशीनविषयी विचारले, तेव्हा बाईंनी सुई न थांबवता सांगितले, “मशिनीची टीप दिसाया देखनी, ताई, पन इरलेल्या लुगड्याला ती सोसत न्हाई.” यात यंत्राचा द्वेष मुळीच नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरी पायमशीन होते आणि त्यावर नातवंडांचे कपडे शिवले जात.

त्यांच्या या विधानाचा पडताळा साध्या अंकगणितानेही घेता येतो. गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद धरली, आणि दोऱ्यांमध्ये एकेक इंच अंतर ठेवले, तर सुमारे ४२० फूट शिलाई घालावी लागते. खेड्यातील हात इंचाला दोन टाके घालतो असे मानले तर ते दहा हजार टाके झाले. धावदोऱ्यात प्रत्येक टाक्यासाठी सुई एकदा खाली आणि एकदा वर जाते, म्हणजे कापडाला वीस हजार छिद्रे पडली. शिंपी नित्याच्या शिलाईला मशीन लावतो तसे, इंचाला दहा टाके पडतील असे लावले, तर तेवढ्याच लांबीत पन्नास हजार छिद्रे पडतात, आणि तीही सारखी, एका सरळ रेषेत, एकमेकांना लागून. नव्या कापडाला याचे काहीच वाटत नाही. परंतु ज्या लुगड्याने तीस वर्षे धुणे सोसले, ज्याचा आडवा धागा अगोदरच झिजून गेला आहे, त्याच्यावर अशी रेषा पडली की ते टपालाच्या तिकिटांच्या पानाप्रमाणे नेमके त्या रेषेवर फाटते. त्यातून मशीनचा दोरा आज बहुधा पॉलिएस्टरचा असतो. तो कापडापेक्षा बळकट. ताण आला की तुटण्याची पाळी दोऱ्यावर येण्याऐवजी कापडावर येते. हाताच्या कामात सुती दोरा प्रथम तुटतो, कापड वाचते, आणि तुटलेला दोरा कोणालाही दुपारच्या सवडीत पुन्हा घालता येतो.

आता यंत्राची बाजू. शिवणयंत्राची टीप एका दोऱ्याने होत नाही. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि शटलच्या फेऱ्यात दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. म्हणून ती घट्ट असते, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, आणि एखादा टाका तुटला तरी धावदोऱ्याप्रमाणे ओळच्या ओळ सैल पडत नाही. गोधडीच्या बाबतीत यंत्राची खरी अडचण निराळीच आहे. मशीनचे दाते खालच्या बाजूला असतात आणि ते खालचे कापड पुढे ओढतात. वरचा पाय मात्र कापड नुसते दाबून धरतो. दोन पदरी कापडात ही तफावत जाणवत नाही. पाच-सहा थर झाले, की खालचा थर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो, आणि ओळीच्या शेवटी वरच्या कापडाची चुणी जमते. यावर उपाय आहेत. वरूनही दाते असलेला पाय मिळतो. तो लावला की वरचे-खालचे थर बरोबरीने सरकतात. थर आधी पिनांनी किंवा कच्च्या टाक्यांनी नीट टाचून घ्यावे लागतात, आणि शिलाई मध्यापासून सुरू करून कडेकडे न्यावी लागते, म्हणजे सैलपणा बाहेर ढकलला जातो. हाताची रीत आणि यंत्राची रीत येथे परस्परविरुद्ध दिशांनी चालतात. याशिवाय घरगुती मशीनच्या बाहूखाली जेमतेम सहा-सात इंच जागा असते, आणि अर्धी गोधडी गुंडाळून त्या जागेतून पलीकडे न्यावी लागते. ज्यांनी हे केले आहे त्यांचे खांदे त्याची साक्ष देतील. कारखान्यांत याच्या उलट तजवीज असते: गादीच्या वा रजईच्या कापडावर एकाच वेळी अनेक सुया चालतात, किंवा कापड चौकटीवर ताणून बसवतात आणि यंत्रच त्याच्यावरून फिरवतात.

वाकडहून हिंजवडीकडे येताना रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर गोधड्या शिवणारा एक कारागीर आहे. जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल, अशी पाटी बाहेर लावलेली. विजेवर चालणारे मशीन आणि त्याच्या डाव्या अंगाला, गोधडीचे ओझे पेलण्यासाठी, उंचीला मिळती केलेली फळी. त्याच्याकडे कोणी गाठोडे आणले, की तो एकेक साडी उलगडतो, दोन्ही हातांत धरून हलका झटका देतो, आणि आवाजावरून वेगळी करतो. एका गिऱ्हाईकाची जुनी इरकली त्याने अशीच बाजूला ठेवली आणि म्हटले, “वहिनी, हिच्यात आता जीव नाही. ही आत घालू, वरून दुसरी द्या. नाहीतर वर्षाने तुम्हीच मला बोल लावाल.” माणच्या बाई आणि हा कारागीर यांची गाठभेट कधी झालेली नसणार, तरी एकीने सुई धरून आणि दुसऱ्याने मशीनवर बसून सांगितलेली गोष्ट एकच आहे, आणि या विषयातील कोणत्याही ग्रंथापेक्षा तिचे प्रामाण्य मला अधिक वाटते. त्याच्या कामाची मर्यादा तो जाणतो. आणखी एक शहाणपण त्याच्याजवळ आहे: गोधडीसाठी तो टीप मुद्दाम लांब ठेवतो, इंचाला सहाच्या आसपास, म्हणजे छिद्रे तीस हजारांवर येतात आणि कापडाला श्वास राहतो.

यंत्राकडे पाहण्याची आपली दृष्टी स्वच्छ होण्यासाठी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. फ्रान्समध्ये बार्तेलमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट मिळवले आणि पॅरिसमध्ये अनेक यंत्रे लावून लष्कराचे गणवेश शिवण्याचा कारखाना काढला. पोटावर पाय येईल या भयाने तेथील शिंप्यांनी पुढच्याच वर्षी तो उद्ध्वस्त केला. पुढे अमेरिकेत एलायस होव याने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टिपेचे पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरचे यंत्र आले. यंत्रांविषयी कठोर विचार मांडणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली दिल्लीत झालेल्या एका संभाषणात जो अपवाद केला, तो या सिंगरच्या यंत्राचाच. पत्नीला शिवणाचे कंटाळवाणे कष्ट करताना पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र बनवले, असा त्यांचा आशय होता. सिंगरच्या चरित्राशी ही हकीकत कितपत जुळते हे बाजूला ठेवले, तरी कसोटी महत्त्वाची आहे: श्रम करणाऱ्या माणसाचा भार त्या यंत्राने हलका होतो की नाही? पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना जे शिक्षण दिले त्यात शिवणकाम होते. आणि त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रातील असंख्य निराधार बायकांच्या घरची चूल पायमशीनच्या पायट्यावर पेटत राहिली. त्या यंत्राला कृत्रिम, निर्जीव वगैरे म्हणून नाक मुरडणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

तसेच हाताच्या गोधडीचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण दृष्टिआड करतो. ती गोधडी स्वस्त होती, कारण तिच्यातील श्रमाला कोणी दाम मोजत नव्हते. शेतातले काम आटोपल्यावर, जेवणे झाल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी, कंदिलाच्या उजेडात, घरातील बायकांनी ती शिवली. डोळे गेले, बोटे सुजली, आणि हिशेबाच्या वहीत या साऱ्याची एका ओळीचीही नोंद झाली नाही. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते, घरोघर पाहुणे उतरतात. त्या प्रत्येकाला रात्री एक अंथरायला आणि एक पांघरायला देता येईल एवढी गोधड्यांची चळत घरात असणे हा प्रतिष्ठेचा भाग होता, आणि ती चळत सासवा-सुनांच्या अशा बिनपगारी दुपारांतून उभी राहिली होती. म्हणून आज एखादी बाई हाताच्या गोधडीचे दाम सांगते आणि आपल्याला ते फार वाटते, तेव्हा ते फार आहे असे म्हणण्याऐवजी, ते आजवर कधी मागितलेच गेले नव्हते असे म्हणणे न्याय्य होईल. ज्याला तेवढे दाम देणे शक्य नसेल त्याने खुशाल मशीनवर शिवून घ्यावी. पण हातकामाची मजुरी घासाघीस करून यंत्राच्या दरावर आणण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

हात की यंत्र, हा प्रश्न इतर देशांतही निघाला आणि तेथे त्याचे जे झाले ते उद्बोधक आहे. अमेरिकेत रजया शिवण्याची मोठी परंपरा आहे, आणि केंटकी राज्यातील पडूका या गावी भरणाऱ्या राष्ट्रीय प्रदर्शनात सर्वोच्च मान हाताच्या कामालाच मिळावयाचा. १९८९ साली प्रथमच तो कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर टाके घातलेल्या रजईला मिळाला, आणि यंत्राच्या कामाला कला मानावे की मानू नये, हा वाद त्या प्रांतात पुरता पेटला. फॅलर्ट यांनी नवे कापड घेतले होते, ते स्वतः रंगवले होते, आणि यंत्राच्या सुईने त्यावर जणू रेखाटन केले होते. यंत्र तेथे योग्य जागी होते. याच्या दुसऱ्या टोकाला अलाबामातील जीज बेंड ही वस्ती. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांच्या तेथील वंशजांनी शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या रजया हाताने शिवल्या, आणि २००२ मध्ये प्रथम ह्यूस्टन आणि मग न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत त्या मांडल्या गेल्या, तेव्हा आधुनिक चित्रकलेचे जाणकारही स्तिमित झाले. झिजलेले कापड तेथेही हातानेच शिवले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इतके लांब जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची जी कवंदी शिवतात तिची रीत आपल्या गोधडीसारखीच कडेकडून आत येणारी आहे, आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीचे ‘फुला’ लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे त्या मानीत नाहीत. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली ही याच कुळातील भावंडे. महाराष्ट्रातील गोधड्यांचा स्वतंत्र ग्रंथ गीता खंडेलवाल यांनी सिद्ध केला आहे. जी वस्तू आपण पाहुणे आले की माळ्यावर लपवीत होतो, तिला असा अभ्यासक लाभला ही समाधानाची गोष्ट होय.

आता हिंजवडीतील ज्या घरात कोणी जुन्या लुगड्यांचे गाठोडे उघडून बसले आहे, त्या घरासाठी काही व्यावहारिक विचार.

गाठोड्यातील कापड प्रथम धुवून, कडक उन्हात वाळवून, एकेक उजेडाकडे धरून पाहावे. ज्या सुती लुगड्यातून पलीकडची खिडकी दिसते, ते यंत्राखाली घालू नये. ते हाताच्या गोधडीत वर चालेल, किंवा मशीनच्या गोधडीत आतल्या थराला. सुती पण धड असेल तर दोन्ही मार्ग मोकळे आहेत. कृत्रिम धाग्याच्या साडीचे प्रकरण निराळे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला अधिक मोकळीक दिली, आणि त्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या दांडीवर पॉलिएस्टरची साडी वाळू लागली. त्यामुळे आज ज्यांच्या आईच्या साड्या गाठोड्यात आहेत, त्यांच्या गाठोड्यात निम्म्याहून अधिक माल हाच निघतो. ही साडी झिजत नाही, पण घसरते. थर एकमेकांवर ठरत नाहीत, आणि हाताचे लांब टाके त्यांना आवरू शकत नाहीत. तिला मशीनच योग्य. मात्र ती घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटते. म्हणून अंगाला लागणारी बाजू सुती असावी, आणि तान्ह्या मुलासाठी तर अशी साडी मुळीच वापरू नये.

बाळंतविड्यातील दुपट्याला जुन्या लुगड्याहून चांगले कापड नाही. शेकडो वेळा धुतल्याने ते जितके मऊ झालेले असते तितके नवे कोणतेही मलमल असत नाही. ते हातानेच शिवावे, पण टाका बारीक घ्यावा, कारण लांब टाक्यात बाळाची बोटे अडकतात. आणि गाठी आतल्या थरात दडवाव्यात.

वापराचाही विचार हवा. ज्या घरात गोधडी दर आठवड्याला धुलाईयंत्रात जाणार, तेथे हाताचा दोरा फार दिवस टिकणार नाही. शिवाय पाच-सहा थरांची गोधडी भिजली की घरगुती यंत्राला ते ओझे पेलत नाही, हेही आधी ध्यानात घ्यावे. अशा घराने तीनच थर ठेवावेत आणि मशीनवर शिवून घ्यावी. वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणासाठी तीच बरी. जी गोधडी आजीची म्हणून राखायची आहे, वर्षातून एकदा हाताने धुवायची आहे, जिची लुगडी पुन्हा मिळणार नाहीत, तिच्यासाठी हाताचा टाका घ्यावा. कारण तो उसवता येतो, पुन्हा घालता येतो, आणि वीस वर्षांनी वरचे लुगडे विरले तर तीच गोधडी जशीच्या तशी नव्या गोधडीच्या पोटात जाऊ शकते. खेड्यातील पुष्कळ जाड वाकळा उसवल्या तर त्यांच्या आत अशी एखादी जुनी वाकळ निघते.

मधला मार्गही आहे, आणि अनेकांना तो सोयीचा पडेल. तुकड्याला तुकडा जोडणे आणि चारी कडांना गोट लावणे, ही कामे मशीनवर करावीत. तेथे ताण असतो, आणि टीप मजबूत हवी असते. मधले दोरे तेवढे हाताने घालावेत. यामुळे हाताचे काम बरेच कमी होते, आणि मजुरीही आवाक्यात येते.

विकत घेणाऱ्याने फसगत टाळण्यासाठी एवढे पाहावे. धावदोऱ्यात दोरा एकदा वर आणि एकदा खाली असतो. म्हणजे वरच्या बाजूला टाका, मग मोकळी जागा, पुन्हा टाका, आणि जेथे वर मोकळी जागा तेथे मागे टाका. मशीनच्या टिपेत मोकळी जागा नसते. दोन्ही बाजूंना अखंड रेषा दिसते. हाताचे म्हणून विकल्या जाणाऱ्या काही वस्तूंवर जाड दोऱ्याची लांब टीप मारलेली असते; ती उलटून पाहिली की लगेच कळते. डिसेंबरात पुण्याला भरणाऱ्या भीमथडी जत्रेत बचतगटांच्या बायका स्वतःच्या गोधड्या घेऊन येतात. तेथे शिवणारीलाच विचारता येते, आणि हे विचारण्यात तिला अपमान वाटत नाही, उलट कोणीतरी काम पाहिले याचा आनंद होतो.

शिवायला देण्याच्या वेळेविषयी एक शेवटची सूचना. मुळशीच्या पावसात आषाढापासून भाद्रपदापर्यंत जाड कापड नीट वाळत नाही, आणि दमट थर शिवले गेले तर आत बुरशी धरते. दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी झाली की कापड द्यावे. शेतीची कामे उरकलेली असल्याने हाताने शिवणाऱ्या बायकांनाही तेव्हाच थोडी सवड असते. अर्धे दाम आगाऊ द्यावे, घाई करू नये, आणि कोणते लुगडे वर यावे, कोणते आत जावे, याचा शब्द त्यांच्याकडे सोपवावा. मार्गशीर्षात हाती दिलेले गाठोडे म्हातोबाच्या यात्रेपूर्वी गोधडी होऊन घरी येते.